जुने कापणी-मळणी यंत्र : निगा आणि सुट्या भागांचा शोध

ठाणे जिल्ह्यात भातकापणीस सापडणारे दिवस फार थोडे असतात. हळव्या जाती दसऱ्याच्या सुमारास, निमगरव्या दिवाळीच्या आगेमागे आणि गरव्या त्यानंतर कापणीस येतात. लोंबी पक्व झाल्यावर पीक शेतात उभे ठेवल्यास दाणा झडतो, पीक लोळते, आणि परतीच्या पावसाची एखादी सर आली तर लोळलेल्या भातास खाचरातच मोड येतात. २०१९ सालच्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले, तेव्हा कोकणातील किती तरी शेतकऱ्यांचे उभे व कापलेले भात पाण्यात गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. या घाईच्या दिवसांत पूर्वी गावोगाव सावडीने कापणी होत असे. आता घरातील तरुण मंडळी भिवंडीच्या गोदामांत किंवा ठाण्या-कल्याणच्या कारखान्यांत कामास जातात. विळा हाती घेणारे हात कमी झाले आणि कापणी, मळणी व उफणणी एकाच फेरीत उरकणाऱ्या यंत्राची, म्हणजे बोलीभाषेतील हार्वेस्टरची, गरज वाढली.

हे यंत्र मूळचे मोठ्या सलग शेतांचे. अमेरिकेत मिशिगन प्रांतात हायरम मूर याने १८३० नंतरच्या दशकात घोड्यांनी ओढावयाचे असे यंत्र प्रथम सिद्ध केले. आपल्या देशात पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने १९८० साली 'स्वराज ८१००' हे स्वयंचलित यंत्र बाजारात आणले, आणि पुढे पंजाबातील यंत्रे हंगामाबरोबर प्रवास करीत विदर्भातील भात व सोयाबीनच्या शेतांपर्यंत येऊ लागली. कोकणच्या लहान, बांधांनी तुटलेल्या आणि ओल धरून राहणाऱ्या खाचरांत मात्र ही अवजड चाकांची यंत्रे रुतून बसतात. येथे चालतात ती रबरी पट्ट्यांवर सरकणारी लहान यंत्रे. ती नवी घ्यावयाची तर एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नव्हेत. म्हणून काही शेतकरी गटांनी इतरत्र चार-सहा हंगाम चाललेली जुनी यंत्रे विकत घेतली. त्यात गैर काहीच नाही. अडचण सुरू होते ती पहिला भाग तुटल्यावर.

काही वर्षांपूर्वी भिवंडी तालुक्यातील अशाच एका गटाचे यंत्र भर हंगामात बंद पडले. मळणीच्या ड्रमचा एका बाजूचा बेअरिंग फुटला होता. गटातील वीस-बावीस घरांचे भात उभे होते आणि आकाशात रोज दुपारनंतर ढग जमत होते. चालकाने विचारल्यावर, भाग मूळ विक्रेत्याकडूनच मागवावा असा सल्ला मीच दिला. विक्रेत्याकडून उत्तर आले की, भाग आठ दिवसांनी मिळेल. तिसऱ्या दिवशी कंटाळून चालक तो फुटका बेअरिंग फडक्यात गुंडाळून माजिवड्यास आला आणि मी त्याच्याबरोबर महामार्गालगतच्या गल्लीतील एका वृद्ध टर्नरकडे गेलो. त्यांनी बेअरिंग रॉकेलमध्ये बुडविला, ब्रशने पुसला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कडेवरील आकडा वाचला : ६३०८. "साहेब, हा तर विहिरीवरच्या मोठ्या मोटारीतही बसतो. ठाण्यात कुठेही मिळेल." त्याच सायंकाळी तो मिळाला. तीन दिवस वाया गेले होते, ते माझ्या सल्ल्यामुळे, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात आम्हांस यंत्राची अंगे शिकविली जातात. कापणीचा भाग, मळणीचा भाग, साफसफाईचा भाग अशी आकृती काढावयास सांगितली जाते. परंतु यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे केवळ दोनच भाग असतात. एक, जे भाग त्या कंपनीचे आहेत. आणि दुसरे, जे भाग साऱ्या बाजाराचे आहेत. बेअरिंग, पट्टे, साखळ्या, तेलाची सीले, नटबोल्ट, ग्रीसचे निपल हे सारे कोणत्याही यंत्रकंपनीच्या मालकीचे नसतात. ते ठरावीक प्रमाणांनुसार बनतात आणि त्यांवर त्यांचा क्रमांक कोरलेला वा छापलेला असतो. हार्वेस्टर अचानक उभा राहतो तो बहुधा याच भागांमुळे. अशा भागास कंपनीच्या पुस्तकात निराळा दहा-बारा अक्षरी क्रमांक दिलेला असतो एवढेच. त्या क्रमांकाने शोधावयास गेल्यास तो दुर्मिळ वाटतो, आणि अंगावरील क्रमांकाने शोधल्यास पंपाच्या दुकानातही सापडतो.

बेअरिंगचा क्रमांक वाचणे अवघड नाही. क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०४ पासून पुढच्या सर्व नेहमीच्या क्रमांकांना हा नियम लागू आहे. म्हणजे ६२०६ चे भोक ३० मि. मी., ६३०८ चे ४० मि. मी. त्याआधीचा २ किंवा ३ हा अंक बेअरिंग हलका की भारी ते सांगतो. ६२०५ व ६३०५ या दोहोंचे भोक २५ मि. मी.च असते, परंतु पहिल्याचा बाहेरील व्यास ५२ आणि दुसऱ्याचा ६२ मि. मी. आहे, एकाच्या घरात दुसरा बसणार नाही. क्रमांकापुढे 'टू आर एस' असेल तर दोन्ही बाजूंस रबरी सील आहे, आणि 'झेड झेड' असेल तर पत्र्याचे झाकण आहे. भाताचा कोंडा व चिखल यांत फिरणाऱ्या जागी रबरी सीलचाच घ्यावा. किमतीतील फरक किरकोळ असतो.

येथे एक खोच आहे, आणि ती न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे व्यर्थ गेले आहेत. काही जुन्या यंत्रांचे शाफ्ट इंची मापाचे असतात. एक इंच म्हणजे २५.४ मि. मी. होतात. घोडीत बसणारा 'यूसी २०५' हा बेअरिंग २५ मि. मी. भोकाचा असतो, तो या शाफ्टवर चढतच नाही. मग कोणी तरी शाफ्टच कानस घेऊन घासावयास बसतो! अशा शाफ्टसाठी 'यूसी २०५-१६' मागावा. शेवटचा १६ हा आकडा इंचाचे सोळांश भाग दाखवितो, म्हणजे सोळा सोळांश, एक इंच. यासाठीच गटाच्या पेटीत पान्यांबरोबर एक व्हर्निअर कॅलिपर असणे अगत्याचे आहे. टेपने घेतलेल्या मापाने हा चार दशांशाचा फरक दिसत नाही. तसेच बेअरिंग नेहमी पावतीने व ओळखीच्या दुकानातून घ्यावा. नामवंत कंपन्यांच्या वेष्टनात बनावट माल विकला जातो, आणि तो हंगामाच्या मध्यावरच आपले खरे रूप दाखवितो.

पट्ट्यांचेही तसेच. पट्ट्यावर 'बी ६८' असे छापलेले असल्यास 'बी' हे त्याच्या जाडीरुंदीचे नाव, सुमारे १७ मि. मी. रुंद व ११ मि. मी. जाड, आणि ६८ ही आतील लांबी इंचांत. पट्टा जुना होऊन छपाई पुसली गेली असेल तर तुटलेला पट्टा टाकून न देता दुकानात न्यावा. परंतु तो ताणून लांबलेला असतो हे ध्यानात ठेवून एखादा इंच कमी धरावा. याहून बरे म्हणजे नवा पट्टा चढवितानाच त्याचा क्रमांक जवळच्या पत्र्यावर ऑइलपेंटने लिहून ठेवावा. जेथे दोन पट्टे जोडीने चालतात तेथे एकच बदलू नये. नवा आखूड पट्टा सारा भार ओढतो आणि लवकर जातो. पट्ट्याचा ताण बोटाने दाबून पाहण्याची रीत चांगली आहे, फक्त किती दबावे ते ठाऊक हवे : दोन पुल्यांमधील अंतर एक मीटर असेल तर मध्यभागी साधारण १६ मि. मी. आणखी एक खूण अशी की, पट्टा पुलीच्या खाचेच्या बाजूंवर बसावयास हवा. खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला म्हणजे पट्टा तळाशी टेकून घसरत आहे. मग तो कितीही ताणला तरी व्यर्थ.

साखळीची तपासणी मोजपट्टीनेच होते. सव्वासहा सूत अंतराची म्हणून बाजारात कोणी साखळी देऊ लागल्यास ती घेऊ नये. अंतर मिलिमीटरमध्ये मागावे. नेहमीची मापे १२.७, १५.८७५ आणि १९.०५ मि. मी. ही आहेत. १५.८७५ मापाच्या नव्या साखळीच्या २० कड्यांची लांबी ३१७.५ मि. मी. भरते. ती ३२४ मि. मी.पर्यंत गेली की साखळी संपली असे समजावे, मग ती दिसावयास कितीही धडधाकट असो. कड्या काढून साखळी आखूड करण्याचा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. त्याने ताण येतो खरा, पण लांबलेली साखळी दातेरी चाकाचे दात खाते, आणि दातेरी चाक हा बहुधा कंपनीचा भाग असतो. म्हणजे बाजारात मिळणारी वस्तू वाचविण्यासाठी न मिळणारी वस्तू आपण झिजवितो. शिवाय अंतर तेच असून रोलरचा व्यास निराळा अशाही साखळ्या आहेत; १२.७ मि. मी. अंतराच्या युरोपीय व अमेरिकी प्रमाणांच्या साखळ्यांत रोलर अनुक्रमे ८.५१ व ७.९२ मि. मी. असतो. एकीचा तुकडा दुसरीस जोडू नये.

तेलाच्या सीलवर तीन आकडे असतात, आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी, याच क्रमाने. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूस ठेवावी.

आता राहिले ते कंपनीचे भाग. मळणी ड्रमखालील जाळी, ड्रमचे दाते, कापणीच्या पट्टीची बोटे, गिअरपेटी, पट्टे चालविणारा तेलदाबाचा पंप व मोटार, आणि स्वतः रबरी पट्टे. यांतील बोटे व पाती तुटतातच, म्हणून ती हंगामापूर्वी मागवून रिव्हेटांसह पेटीत ठेवावीत. दातेरी पात्यांच्या रांगेत गुळगुळीत पाते बसवू नये. रबरी पट्ट्याच्या आतील बाजूस तीन आकड्यांचे माप असते, उदाहरणार्थ ४०० × ९० × ४७. रुंदी, दोन कड्यांतील अंतर आणि कड्यांची संख्या. हे माप सांगितल्यास दुसऱ्या निर्मात्याचाही पट्टा पाहता येतो, मात्र आतील दातांची ठेवण जुळते की नाही हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. तेलदाबाचा पंप हा सर्वांत महागडा आणि गावात दुरुस्त न होणारा भाग होय. जुने यंत्र विकत घेताना ते तासभर चालवून तेल तापू द्यावे आणि मग चढावर न्यावे. थंड असताना जोमाने चालणारे आणि तापल्यावर रेंगाळणारे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तासांच्या मीटरवर मुळीच विसंबू नये.

चाकांच्या मोठ्या यंत्रांत एक सोय आहे. पंजाबातील नाभा व भादसों येथे बनणाऱ्या पुष्कळ यंत्रांत ट्रकांना वापरले जाते त्याच जातीचे अशोक लेलँडचे इंजिन बसविलेले असते. त्याचे पिस्टन, गॅस्केट, फिल्टर हे ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. इंजिनावरील धातूच्या पट्टीवरील नमुना व क्रमांक तेवढा उतरवून न्यावा.

या कामी माजिवड्याचे स्थान सोयीचे आहे. येथील भातखाचरांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत आणि भाताचा संबंध बाजारहाटापुरताच उरला आहे. परंतु पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता व नाशिककडे जाणारा महामार्ग येथेच एकत्र येतात. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडील शेतकऱ्यास येथून वागळे इस्टेट जवळ आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ सालच्या स्थापनेनंतर प्रथम उभारलेल्या या वसाहतीच्या परिसरात लेथ, मिलिंग व वेल्डिंगची कामे करणारे कारागीर आजही आहेत. ठाण्यात न मिळणारा बेअरिंग, पट्टा वा साखळी मुंबईत मशीद बंदराजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर पाहावी. तेथे जाताना वस्तू बरोबर न्यावी, आणि ती नेणे शक्य नसल्यास क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र व तीन मापे न्यावीत. "अमक्या कंपनीच्या हार्वेस्टरचा बेअरिंग द्या" असे म्हटल्यास नकारच मिळेल. पंजाबी बनावटीच्या यंत्राची जाळी किंवा चाळणी हवी असल्यास नाभ्याकडील दुकानदार वाहतूक कंपनीमार्फत माल पाठवितात; पण हे काम हंगामापूर्वीच व्हावयास हवे.

लेथवर शाफ्ट बनवून घ्यावयाचा तर जुना शाफ्ट, तुटलेला असला तरी, दोन्ही तुकड्यांसह न्यावा. तो काढताना टोकावर घणाचे घाव घालू नयेत. टोकाच्या मध्यभागी असलेला खळगा बिघडला की कारागिरास मूळ माप धरता येत नाही. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर देऊन तो पुन्हा कातून घेण्यापेक्षा ड्रमसारख्या वेगाने फिरणाऱ्या जागी 'ईएन ८' या जातीच्या पोलादाचा नवा शाफ्ट करून घेणे बरे. थर दिलेला शाफ्ट उष्णतेने वाकतो, आणि तो वाकला आहे हे कळते ते बेअरिंग गेल्यावर.

यावरून पुन्हा भिवंडीच्या त्या यंत्राकडे वळतो, कारण ती कथा त्या सायंकाळी संपली नाही. नवा बेअरिंग बसविला, यंत्र सुरू झाले, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पाचव्या दिवशी त्याच जागचा बेअरिंग पुन्हा तापून फुटला. या खेपेस भाग मिळविण्यास अर्धा दिवसही लागला नाही. परंतु माजिवड्याच्या त्या वृद्ध कारागिरांनी बेअरिंग हाती घेण्यापूर्वी विचारले, "ड्रमला कोणी वेल्डिंग केले आहे काय?" केले होते. आदल्या वर्षी ड्रमची एक पट्टी तडकली म्हणून गावातील वेल्डरने तिच्यावर लोखंडाचा जाड तुकडा जोडला होता. काम मजबूत होते यात शंका नाही. परंतु मिनिटास शेकडो फेरे घेणाऱ्या ड्रमच्या एकाच बाजूस वजन वाढले म्हणजे तो प्रत्येक फेऱ्यास बेअरिंगवर हातोड्यासारखा घाव घालतो. पहिला बेअरिंग म्हातारपणाने गेला नव्हता. ड्रम बाहेर काढून दोन समपातळीच्या लोखंडी कडांवर शाफ्टच्या टोकांनी ठेवला, तेव्हा तो आपोआप गडगडत जाऊन जोडाची बाजू खाली करून थांबला. जोड कापून काढला, तडकलेली पट्टी आणि तिच्या अगदी समोरची पट्टी अशा दोन्ही सारख्या वजनाच्या नव्या बसविल्या, आणि तो हंगाम पार पडला. ड्रमच्या पट्ट्या व दाते नेहमी समोरासमोर, जोडीनेच बदलावेत हा नियम मी पुस्तकात वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दोन शेतकऱ्यांचे गरवे भात मात्र मधल्या पावसात लोळले, आणि त्यांना विळ्यानेच कापणी करावी लागली.

दैनंदिन निगेबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. चालकांना ती ठाऊक असते, वेळ नसतो इतकेच. ग्रीस रोज द्यावे, परंतु दोन्ही बाजूंनी सील असलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीसगन लावून अधिक भरल्यास सीलच बाहेर पडते. जोराच्या पाण्याच्या झोताने यंत्र धुताना झोत बेअरिंगवर धरू नये आणि धुतल्यानंतर यंत्र दहा-पंधरा मिनिटे रिकामे चालवावे. अडकलेला पेंढा काढताना इंजिन बंद करून किल्ली चालकाने स्वतःच्या खिशात ठेवावी. कापणीच्या भागाखाली शिरण्यापूर्वी त्यास लाकडी ओंडक्यांचा आधार द्यावा. या दोन गोष्टींत घाई क्षम्य नाही. बियाण्याच्या शेतात शिरण्यापूर्वी टाकी, चाळण्या व दाणे वर नेणारा पन्हाळ पूर्ण रिकामा करावा, नाहीतर शेजारच्या शेतातील दुसरी जात कर्जत-३ च्या बियाण्यात मिसळते आणि पुढील वर्षी त्याचे खापर बियाण्यावर फुटते.

खरी हानी होते ती पावसाळ्यात. आमच्याकडे वर्षास अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि यंत्र त्या साऱ्या काळात उभे असते. आत राहिलेला ओला पेंढा पत्रा खातो, आणि उंदीर त्याच पेंढ्यात घर करून विजेच्या तारा कुरतडतात. यंत्र आच्छादनाखाली, पट्ट्यांखाली फळ्या घालून ठेवावे. पट्टे सैल करावेत, साखळ्या काढून, धुऊन तेलात बुडवून ठेवाव्यात, डिझेलची टाकी भरलेली असावी म्हणजे आत दमटपणाने पाणी साचत नाही, आणि बॅटरी काढून घरात ठेवावी.

याच मोकळ्या दिवसांत एका दोनशे पानी वहीत यंत्राची ओळख उतरवून घ्यावी. इंजिनापासून सुरुवात करून दाण्याच्या वाटेने पुढे जावे : कापणीची पट्टी, ओढणारी साखळी, ड्रम, पंखा, चाळण्या, टाकी. प्रत्येक शाफ्टपाशी थांबून दोन्ही टोकांचे बेअरिंग, सील, पुलीच्या खाचा, पट्टा अथवा साखळी यांचे क्रमांक लिहावेत आणि समोर भाग कोठून, किती रुपयांस, कोणत्या तारखेस घेतला ते नोंदवावे. भिवंडीच्या गटाने हे काम दोन रविवारांत पुरे केले. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून चालकाच्या बैठकीखालील पेटीत ठेवली आहे आणि तिचे छायाचित्र गटातील चौघांच्या फोनमध्ये आहे. तपासणी नागपंचमीस सुरू करावी, मागणी गणपतीपूर्वी जावी, आणि घटस्थापनेच्या आत यंत्र एकदा रिकामे, एकदा थोड्या हळव्या भातात चालवून पाहावे. बिघाड निघाला तरी निमगरव्या जाती कापणीस येण्यास तेव्हा अवधी असतो.